घरी बोलावलं म्हणजे झालं

मुलगी बघायला बागेत जायचं, हे मला काही केल्या पटलं नव्हतं. आमच्या कराडकडे मुलगी बघतात ती तिच्या घरी. पोहे कसे झालेत, कपबशा घासलेल्या आहेत की नुसत्या विसळलेल्या, दारात चपला कशा पडल्यात, यावरून माणसं कळतात. बागेत काय कळणार? झाडं काही त्यांची नव्हती.

पण अनिकेतने फोनवरच बजावलं होतं की, त्यांच्यात पहिली भेट अशीच होते आणि तू तिथे काही बोलू नकोस. मी काही बोलू नये म्हणून मला दीड दिवसाचा प्रवास करायला लावून चेन्नईला बोलावून घेणारा हा माझा एकुलता एक मुलगा. शोळिंगनल्लूरला राहतो, तिथेच सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिशी उलटली. आम्ही दाखवलेल्या प्रत्येक मुलीला त्याने नाही म्हटलं होतं आणि कारण विचारलं तर 'तसं काही नाही गं' एवढंच सांगितलं होतं. मग मागच्या गणपतीत इथल्या महाराष्ट्र मंडळात त्याने कीर्तना नावाच्या मुलीला पाहिलं. तिच्या घरची तंजावरची मराठी माणसं, कित्येक पिढ्या इकडचीच झालेली, हल्ली नुंगंबाक्कममध्ये राहणारी. दिवाळीत घरी आला तेव्हा चकली खाता खाता तो तिच्याबद्दल इतका आडून आडून बोलला की, मी ओळखलंच. आता हिने नाही म्हटलं तर हा दुसरीचं नाव काढू देणार नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. माझा जीव टांगणीला लागला होता तो त्यासाठी.

ह्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे मी एकटीच आले. निघताना ह्यांनीही तेच सांगितलं, जा, पण तोंड सांभाळ. बापलेक दोघांनाही माझ्या तोंडाची एवढी काळजी.

बाग अड्यार नदीच्या काठाला, शंभरावर वर्षांची जुनी. फाटकात रिक्षातून उतरलो तर रखवालदाराने माझी पिशवीच अडवली. खाण्याची वस्तू आत न्यायची नाही म्हणे. पिशवीत कंदी पेढे, खण आणि ओटीचा नारळ. नारळ खाण्यासाठी नाही, ओटीसाठी आहे, हे त्याला तमिळमध्ये समजावून सांगणं अनिकेतच्या आवाक्याबाहेरचं होतं. पिशवी चौकीत राहिली. वर अनिकेतने सांगितलं की, सकाळी दहाला शिट्टी वाजते आणि सगळ्यांना बाहेर काढतात. म्हणजे माझ्या मुलाच्या आयुष्याचा निकाल शिट्टी वाजायच्या आत लागायचा होता. पोंगल, म्हणजे इकडची संक्रांत, होऊन चार दिवस झाले होते, फिरायला आलेले म्हातारे कानटोपी घालून थंडी वाजल्यासारखे चालत होते आणि मला घामाच्या धारा लागल्या होत्या.

ती मंडळी आली. पुढे मुलीची आई सईबाई, साध्या सुती साडीत, गुडघा सांभाळत. बरोबर कीर्तना, सावळी, तरतरीत, केसात मोगरा. पाहिल्याबरोबर मला आवडली. मागे एक उंच माणूस, हातात पाण्याची बाटली आणि मिटलेली छत्री. सईबाई म्हणाल्या, हा माझा धाकटा भाऊ, राणोजी. मला फार बरं वाटलं. मुलीचा मामा जातीने आला म्हणजे माणसं रीतीची आहेत.

मुलीचे वडील का आले नाहीत, हे मी विचारलंच. एवढं बोलणं तोंड सांभाळण्यात बसतं असं मला वाटतं. सईबाई हसल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि तमिळच्या चालीवर हेलकावणारी, आपण 'त्याने सांगितलं' म्हणतो तिथे त्या 'तो सांगितला' म्हणायच्या. "हिचे अप्पा आले तर ठरल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या. "आधी असं देवळांत, नाहीतर बागेंत बघून घ्यायचं. पसंत नाही पडलं तर कोणास कांही नाही, फिरायला आलो होतो. पसंत पडलं तर घराला बोलवायचं. घराला बोलावलं म्हणजे झालं."

म्हणजे आज घरी बोलावलं तर हो, आणि फाटकावरून नमस्कार करून पाठवलं तर नाही. एवढं मी मनात पक्कं धरून ठेवलं.

लाल मातीची वाट झाडांतून आत जात होती. दोघं पुढे चालू लागली. त्यांचं अर्धं इंग्रजी, थोडं मोडकं तमिळ, मधूनच मराठी असं काहीतरी चाललं होतं, आणि दोन वाक्यांत एकदा अनिकेत हसत होता. घरी इतका हसला असता तर मी दृष्ट काढली असती. वडाच्या झाडापाशी सईबाईंचा गुडघा दुखायला लागला म्हणून त्या दगडी बाकावर बसल्या. केवढं ते झाड! पारंब्यांचेच खांब उभे राहिलेले. मी राणोजींना विचारलं की, यातला मूळ बुंधा कुठला. ते म्हणाले, तो वादळात पडला, आता आहेत त्या पारंब्याच. वटपौर्णिमेला दोरा नेमका कशाला गुंडाळायचा, असा प्रश्न मला पडला, पण मी तो गिळला.

सईबाईंजवळ बसायला मला जमेना. पाय एका जागी ठरत नव्हते. मुलं दिसेनाशी झाली होती आणि त्यांच्यामागे जाणं शोभलं नसतं, म्हणून मी राणोजींबरोबर नदीकडच्या वाटेने निघाले. चौतिशीचे असतील. विमा कंपनीत नोकरी, बिऱ्हाड वेगळं, रविवारी बहिणीकडे जेवायला जातात, इतकं मी पहिल्या वळणापर्यंत काढून घेतलं. लग्न झालेलं नव्हतं. बोलणं कमी. वाटेत एक काटेरी फांदी पडली होती ती त्यांनी वाकून बाजूला केली, मागून येणाऱ्यांना लागेल म्हणून. माणूस चांगला आहे, मी ठरवून टाकलं. आणि मग माझं तोंड सुटलं.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही आहात म्हणून माझी काळजी मिटली बघा. आमच्याकडे लग्नात मामाचा मान मोठा. मामाशिवाय नवरी बोहल्यावर यायचीच नाही. भटजी सगळ्यांदेखत पुकारा करतात की, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मग तुम्ही तिचा हात धरून तिला आणायचं. तुमच्यासाठी फेटा मी स्वतः कोल्हापूरहून आणीन. मी अशी बोलत सुटले की, जणू लग्न ठरलं असून आता फक्त मांडव घालायचा राहिलाय. राणोजींनी मध्येच एवढंच विचारलं, "हातास धरून?" मी म्हटलं, तर काय! मामाचाच तो हक्क.

ते थांबले. बाटली हलवून पाहिली, पाणी संपलंय, भरून आणतो म्हणाले आणि झपाझप निघून गेले. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली मला दिसत होती.

माझं काहीतरी चुकलं असं वाटलं, पण काय ते कळेना. परत वडापाशी आले आणि सईबाईंना सगळं सांगितलं, की मामांचं काम मी त्यांना समजावून दिलंय. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"अय्यो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही त्यास हें बोलला?"

मग त्यांनी सांगितलं. इकडे मुलीवर पहिला हक्क तिच्या मामाचा. मामाने हात धरून आणायचं नसतं, मामानेच तिला बायको करून घ्यायचं. त्याने सोडलं तर बाहेर द्यायची. कीर्तना पाळण्यात होती तेव्हाच सईबाईंच्या आईने बोलून ठेवलं होतं की, ही राणोजीची. आई गेली, बोलणं राहिलं. आमच्यात मामाच्या मुलाला किंवा आत्याच्या मुलाला देतात, तेवढं मला माहीत होतं, पण खुद्द मामा? मी तर ज्याचा हक्क त्यालाच त्याच्या वाटणीची मुलगी माझ्या मुलाच्या पुढ्यात आणून उभी कर म्हणून सांगून आले होते, आणि वर फेट्याचं आमिष दाखवलं होतं.

मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की राग येतो. मी म्हटलं, असं होतं तर आम्हाला बोलावलंत कशाला? सईबाईंनी पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या की, तो आपणहून हो म्हणत नाही, नको म्हणत नाही, दुसरी मुलगी दाखवली तर बघायला येत नाही. "त्याच्या तोंडातून दे असं आल्याशिवाय मी माझी लेक बाहेर कशी देऊ? भाऊ आहे माझा. म्हणून आज आणली त्यास. तुमच्या मुलास डोळ्यानं बघेल, मग कांहीतरी बोलेल म्हणून."

आणि कीर्तना, मी विचारलं. तिचंही तेच, मामाला विचारल्याशिवाय मी कोणाला हो म्हणणार नाही. विचारलं का मग तिने? अजून नाही. सगळ्यांनी मिळून एका माणसाला न विचारता इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि मला तोंड सांभाळायला सांगत होते.

घड्याळात साडेनऊ होत आले होते. मी उठले. सईबाई म्हणाल्या, बसा हो, पण बसून काय होणार होतं? अनिकेतला गाठायचं होतं, निदान त्याला कोणाकडून तरी कानावर यायच्या आत आपल्याच आईकडून कळावं म्हणून. पाट्या सगळ्या तमिळमध्ये आणि इंग्रजीत. एका फाट्याला मी डावीकडे वळले आणि भलतीकडेच गेले. वाटेत एक देऊळ लागलं, पुढे बुद्धाचं एक, पुढे एक चर्च. मी दिसेल तिथे हात जोडले. अडल्या वेळी निवड करत बसायची नसते. एका कमळाच्या तळ्यापाशी वाट संपली, तिथून मागे फिरले. साडीच्या काठाला लाल माती लागली होती, चपलेत खडा गेला होता आणि तो काढायलाही मी थांबले नाही.

अनिकेत शेवटी वडाच्या पलीकडच्या अंगाला सापडला, एकटाच. नखाजवळचं कातडं सोलत होता. लहानपणी निकालाच्या दिवशी करायचा तसं. कीर्तना कुठे आहे, मी विचारलं. म्हणाला, नदीकडे गेलीय, मामांशी बोलायला, थोडा वेळ दे म्हणाली. मी धीर करून मामांचं सांगायला सुरुवात केली तर त्याने मला थांबवलं.

"मला माहितेय, आई. तिने मला पहिल्यांदाच सांगितलं होतं."

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारल्यावर तो म्हणाला की, सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. खरं होतं. आले असते तरी भांडायलाच आले असते. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तू मामांशी काही बोलली नाहीस ना? मी वाकून चपलेतला खडा काढायला लागले, आणि तो काय समजायचं ते समजला. तो काही रागावला नाही. नुसताच परत नखाजवळचं कातडं सोलायला लागला, आणि ते बघवेना म्हणून मी नदीकडे निघाले.

काठावर आले तेव्हा ती दोघं पाण्याच्या कडेला उभी होती. ओहोटी असावी, चिखल उघडा पडला होता आणि त्यात बगळे. मी झाडाआडच थांबले. ऐकू येण्याइतकी जवळ नव्हते, आणि आलं असतं तरी तमिळ मला कुठलं कळायला. कीर्तना हातवारे करून बोलत होती, मग बोलायची थांबली. राणोजी पाण्याकडे बघत होते. फार वेळ गेला. इतका वेळ हो म्हणायला लागत नाही, नाही म्हणायलाही लागत नाही. मग त्यांनी तिच्याकडे न बघता काहीतरी सांगितलं, अगदी थोडकं, आणि कीर्तनाने ओढणी डोळ्यांना लावली.

संपलं, मी मनात म्हटलं. आता अनिकेतला घेऊन गाडीत बसायचं आणि कराडला जाऊन ह्यांना सांगायचं की, मी तोंड उघडलं आणि पोराचं नशीब मिटलं.

शिट्टी वाजली. कीर्तना खाली मान घालून माझ्या बाजूने गेली. तिने मला पाहिलं की नाही, कोण जाणे. राणोजी मागून सावकाश आले आणि माझ्यापुढे थांबले. मी म्हटलं, माझं चुकलं, मला तुमची रीत ठाऊक नव्हती. ते म्हणाले, ठाऊक असती तर तुम्ही बोलला नसता, बरं झालं बोललात. आम्ही फाटकाकडे चालू लागलो. मागून रखवालदार लोकांना हाकत येत होता.

"आजवर मज कोणी विचारलं नाही," राणोजी म्हणाले. "आई ठरवली, अक्का धरून बसली. आज ती विचारली. मामा, तूं थांब म्हटलास तर मी थांबते, म्हणाली."

मला राहवलं नाही. नको तिथे तोंड घालायची खोड जित्याची, ती काय जायची. "तुम्हाला ती हवी होती?" मी विचारलं.

"होती," ते म्हणाले. "तें मज आजच कळलं. तुम्ही हातास धरून आणा म्हणालात तेव्हां."

मी थांबले. रखवालदाराने पुन्हा शिट्टी वाजवली म्हणून चालावं लागलं. या माणसाचं वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात सारखं तेच येत होतं, की मग तुम्ही तिला सांगितलं काय? ते विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

थोडं चालल्यावर तेच म्हणाले, "तुमच्यात मामा काय करतो, तें पुन्हा एकदा सांगा."

मी सांगितलं. मुलीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणायचं. समोर अंतरपाट धरलेला असतो, पलीकडे नवरा मुलगा. तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहायचं. मंगलाष्टकं होईपर्यंत तिथेच. मग अंतरपाट काढतात आणि ती हार घालते.

"मग?"

"मग मामाने बाजूला व्हायचं."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं की, ती अष्टकं किती वेळ चालतात. मी म्हटलं, तसा काही नेम नाही. भटजी घाईचे असले तर लगेच आटपतात, हौशी बायका म्हणणाऱ्या असल्या तर बराच वेळ.

"सावकाश म्हणा, सांगा त्यांस," राणोजी म्हणाले.

मी पदर डोळ्यांना लावला आणि घाम पुसल्यासारखं केलं. त्यांनी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली. ऊन काही फारसं नव्हतं.

फाटकाबाहेर तिघं उभी होती, एकमेकांपासून दोन-दोन हात लांब, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सईबाई भावाचा चेहरा वाचायला बघत होत्या. चौकीतल्या माणसाने माझी पिशवी आणून दिली, नारळ, खण सगळं होतं तसं. अनिकेतने रिक्षा थांबवली आणि मान आत घालून शोळिंगनल्लूर म्हणायला तोंड उघडलं. राणोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि रिक्षावाल्याशी तमिळमध्ये बोलू लागले. त्यातलं मला एकच कळलं, नुंगंबाक्कम. मग त्यांनी दुसरी रिक्षा बोलावली, तिलाही तेच सांगितलं.

"घराला या," ते अनिकेतला म्हणाले. "अप्पा वाट बघत असतील."

सईबाईंनी पदर तोंडात धरला. कीर्तना मामाकडे बघत राहिली, आणि ते मात्र रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होते, फार मन लावून. अनिकेतने माझ्याकडे पाहिलं. एवढा मोठा झालेला मुलगा, पण बसू का, असं विचारत असल्यासारखा. मी त्याला डोळ्यांनीच बस म्हटलं. तो आणि राणोजी मागच्या रिक्षात बसले, आम्ही तिघी पुढच्या.

मी पिशवी मांडीवर घेतली. जे मागायला एवढ्या लांब आले होते ते मिळालं होतं, त्याहून काही नको होतं. तरी नुंगंबाक्कम येईपर्यंत मी मागच्या रिक्षाकडे वळून पाहिलं नाही, आणि एक शब्दही बोलले नाही.